उकिरड्याचे पांग फेडणारा शास्त्रज्ञ

उकिरडा ही पाहुण्यांना हौसेने दाखवण्याची जागा नव्हे. घरातला केर, चुलीतली राख, भाजीची देठे, पानात टाकलेले खरकटे, गोठ्यात उरलेला कडबा हे सारे तेथे जाऊन पडते, पावसात भिजते, उन्हात वाळते, आणि त्यावर कोंबड्या उकरीत हिंडतात. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा रोख माणसाच्या दैवाकडे असतो हे खरे. पण एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने ती शब्दशः खरी करून दाखवली, आणि त्यासाठी त्याला बारा वर्षे लागली नाहीत. उकिरड्याचे पांग त्याने तीन महिन्यांत फेडले. हे काम त्याने होळकरांच्या इंदूर नगरीत केले. म्हणून केरकचऱ्यापासून खत करण्याची त्याची रीत जगभर इंदूरच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. या शास्त्रज्ञाचे नाव अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात, बिशप्स कासल या लहानशा गावी झाला. वडील शेतकरी होते. त्यामुळे नांगर, गोठा आणि खताची गाडी यांची ओळख त्यांना पुस्तकांच्या आधीच झाली. पुढे लंडन व केंब्रिज येथे विज्ञानाचे उत्तम शिक्षण घेऊन ते १८९९ मध्ये वेस्ट इंडीज बेटांवर दाखल झाले. उसावर पडणाऱ्या बुरशीच्या रोगांचा अभ्यास करणे हे तेथले त्यांचे काम. प्रयोगशाळेत बसून रोगट पाने तपासावीत आणि शेतकऱ्यांना उपाय सांगावेत, अशी त्यांची नेमणूक होती. परंतु सांगितलेला उपाय स्वतः करून पाहावा, तर त्यांच्या ताब्यात स्वतःचे असे शेत नव्हते. जो उपाय आपण स्वतः अजमावला नाही, तो दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगावा, हा प्रश्न त्या तरुणाला तेथेच पडला. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसालाच तो पडावा, हे स्वाभाविक होते.

त्यानंतर काही काळ त्यांनी इंग्लंडमध्ये वाय येथील कृषी महाविद्यालयात काम केले, आणि १९०५ मध्ये ते हिंदुस्थानात आले. बिहारमधील पुसा या गावी सरकारने मोठी कृषिसंशोधन संस्था काढली होती, तेथे त्यांची वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. (१९३४ च्या भूकंपात पुसा येथील इमारत पडली आणि संस्था दिल्लीला हलवण्यात आली, दिल्लीच्या लोकांनी तिला पुसा हेच नाव चालू ठेवले.) त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथेई या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. वनस्पती आपले अन्न कशा तयार करतात, या विषयावर गॅब्रिएल यांनी केंब्रिज येथे मोलाचे संशोधन केले होते. त्या काळी स्त्रियांना शास्त्राचे दरवाजे फारसे उघडे नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची योग्यता कळते. पुढची पंचवीस वर्षे या पतिपत्नींनी एकाच शेतात, एकाच टेबलाशी बसून काम केले. पुसा ४ आणि पुसा १२ हे गव्हाचे प्रसिद्ध वाण दोघांनी मिळून तयार केले. हॉवर्ड यांच्या यशातील किती वाटा गॅब्रिएल यांचा, हे वेगळे करून सांगता येणार नाही, आणि तसा प्रयत्न करणे न्यायाचेही होणार नाही.

पुसा येथे हॉवर्डना हवे तसे शेत मिळाले. पण पीक कसे घ्यावे, हे कोणाला विचारावे? आसपासच्या खेड्यांतून हिंडताना त्यांच्या लक्षात आले, की तेथल्या शेतकऱ्यांच्या पिकांवर रोग व कीड फार कमी आहे. हे शेतकरी कोणतीही विषारी भुकटी फवारीत नव्हते. ती विकत घेण्यास त्यांच्याजवळ पैसाही नव्हता. तेव्हा केंब्रिजच्या या पदवीधराने एक विलक्षण निश्चय केला. या निरक्षर शेतकऱ्यांना आपले गुरू करायचे. दुसरा गुरू कीड. पिकावर कीड पडली, की आपण कोठेतरी चुकलो असे समजायचे, आणि ती चूक जमिनीत शोधायची. पाच वर्षे त्यांनी ही शिकवणी चालवली. १९१० च्या सुमारास त्यांची शेते औषधांवाचून निरोगी पिके देऊ लागली.

मग त्यांनी आपल्या शेताकरिता बैल मागून घेतले. आपल्याच शेतातला चारा त्यांना घातला आणि त्यांची देखभाल स्वतः पाहिली. शेजारच्या गोठ्यांत लाळ्या-खुरकूत रोगाची साथ वरचेवर येई. मधले कुंपण इतके ठेंगणे होते, की आजारी जनावरे आणि हॉवर्ड यांचे बैल एकमेकांच्या नाकाला नाक घाशीत. तरीही या बैलांना रोग झाला नाही. निरोगी जमिनीतून निरोगी चारा निघतो आणि त्यातून निरोगी जनावर तयार होते, असा सिद्धांत हॉवर्ड यांनी यावरून बांधला व तो आयुष्यभर सोडला नाही. येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, की हा रोग विषाणूमुळे होतो आणि जनावराला लस टोचल्याखेरीज केवळ चांगल्या चाऱ्यावर विसंबू नये, असेच आजचे पशुवैद्यक सांगते. हॉवर्ड यांचे निरीक्षण बारीक होते. त्यावरून त्यांनी काढलेले सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत.

परंतु जमिनीच्या सकसपणाविषयी ते जे बोलले, त्याला आधार भक्कम होता. झाड जमिनीतून सत्त्व उचलते. पान गळते, फांदी मोडते, प्राणी मरतो, आणि सारे पुन्हा मातीस मिळते. म्हणून अरण्यात कोणी खत घालीत नसताही अरण्य वाढत राहते. शेतात मात्र धान्य घरी जाते, कडबा गोठ्यात जातो, आणि गावातला केर व मळ उकिरड्यावर किंवा नदीत जातो. जे उचलले ते परत केले जात नाही. जमीन हे सोसते, पण किती वर्षे? चीन व जपानमधील शेतकरी गावातला प्रत्येक टाकाऊ पदार्थ कुजवून शेतात परत नेतात आणि म्हणूनच तेथील जमिनी शेकडो वर्षे पिकत राहिल्या, असे वर्णन किंग नावाच्या एका अमेरिकन शास्त्रज्ञाने १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केले होते. हॉवर्ड यांच्या मनावर त्या पुस्तकाचा खोल ठसा उमटला.

हिंदुस्थानात तीच रीत का नसावी? येथे मोठी अडचण होती. जंगले तुटली होती, सरपण मिळत नव्हते, आणि घरोघर चुलीत गोवऱ्या जळत होत्या. शेतकऱ्याला शेणाचे मोल कळत नव्हते, असे मुळीच नाही. पण आज भाकरी भाजायची, की पुढल्या वर्षी शेत पिकवायचे, असा पेच पडला म्हणजे माणूस आधी चूल पेटवतो. शेणाचा असा मोठा भाग धुरात जाई. गोवऱ्या थापू नका, असा उपदेश करणारे साहेब पुष्कळ होते. गोवऱ्यांऐवजी काय जाळावे, हे मात्र त्यांना सांगता येत नसे. हॉवर्ड यांनी उपदेश केला नाही. चुलीतून वाचेल तेवढ्या थोड्या शेणात पुष्कळ खत करता येईल काय, असा प्रश्न त्यांनी उलट्या बाजूने घातला.

या प्रश्नाचे उत्तर पुसा येथे मिळण्याजोगे नव्हते. तेथे रसायनाचे खाते निराळे, किडींचे निराळे, बुरशीचे निराळे. एका खात्याच्या माणसाने दुसऱ्या खात्यात डोकावलेले खपत नसे. शेतात तर हे सारे एकत्र नांदते. म्हणून हॉवर्ड यांनी कित्येक वर्षे खटपट करून मध्य भारतातील संस्थानिक व कापूस समिती यांच्याकडून पैसा उभा केला. इंदूर दरबारने ३०० एकर जमीन दिली, आणि १९२४ मध्ये तेथे त्यांची नवी संस्था सुरू झाली. मुख्य पीक कापूस, जमीन काळी. येथेच त्यांना यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ सहकारी म्हणून लाभले. खताच्या प्रयोगात कोणता पदार्थ किती कुजला, त्यात नत्र किती राहिले, उष्णता किती चढली, याची मोजमापे या वाड यांनी केली. त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, म्हणून ते येथे मुद्दाम सांगितले आहे.

त्यांनी बसवलेली रीत पाहू. माळव्यातल्या शेतावर सर्वांत अधिक निघणारा कचरा म्हणजे पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला, की या काड्या उभ्याच वाळतात, आणि त्या इतक्या टणक असतात की वर्षभर मातीत पडल्या तरी कुजत नाहीत. हॉवर्ड यांनी त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवल्या. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्यांचा आपोआप भुगा झाला. कुटण्यासाठी वेगळी मजुरी पडली नाही. निंदून काढलेले तण, झाडांचा पाचोळा, उसाचे पाचट, भुईमुगाची टरफले, खराब झालेला चारा हे सारे वाळवून त्याचा ढीग घालीत. दररोज संध्याकाळी त्यातला थोडा कचरा बैलांखाली अंथरीत. रात्रभर बैल त्यावर बसत, तो तुडवीत, त्यावर शेण व मूत्र टाकीत. सकाळी हे अंथरूण उचलून खताच्या खड्ड्याकडे नेत. गोठ्यातील जमीन मातीचीच ठेवलेली असे. मूत्र मुरलेली ती माती ठरावीक काळाने खणून काढीत व तीही खतात मिसळीत. शेण चुलीत जाते, पण मूत्र तर कोणाच्याच उपयोगी न पडता जमिनीत जिरून जाते, आणि नत्राचा मोठा साठा त्यातच असतो, हे हॉवर्ड यांनी अचूक हेरले होते.

खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन ते तीन फूटच खोल. अधिक खोल केला तर तळाला हवा पोचत नाही. त्यात या कचऱ्याचा एक थर पसरायचा. शेण, लाकडाची राख आणि मूत्रमाती पाण्यात कालवून त्याचा सडा वर घालायचा. दह्याला विरजण लावावे, त्याप्रमाणे आधीच्या खड्ड्यातले अर्धवट कुजलेले खत मूठभर त्यात टाकायचे. त्यावर पुन्हा थर, पुन्हा सडा. वनस्पतींचा कचरा तीन-चार भाग असेल, तर जनावरांकडून आलेला भाग एकच पुरे. थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची गुरुकिल्ली ती हीच.

खड्डा भरला की त्याच्या पोटात जणू आग पेटे. डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशी व जिवाणू त्या ढिगावर तुटून पडत, आणि आतली उष्णता ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढे. हात घातला तर चटका बसावा! या उष्णतेने तणांचे बी मरे आणि माश्यांच्या अळ्या भाजून निघत. पंधरा दिवसांनी ढीग दाताळ्याने उलटायचा, म्हणजे वरचे खाली जाते व आत नवी हवा शिरते. महिन्याच्या सुमारास दुसऱ्यांदा उलटायचा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. पाणी फार झाले तर ढीग आंबून घाण सुटे, कमी पडले तर काम थांबे. पिळून काढलेल्या फडक्याइतकी ओल हवी. पावसाळ्यात खड्डे तुंबतात, म्हणून त्या दिवसांत जमिनीवरच ढीग रचीत. तीन महिने भरले, की पऱ्हाट्या, तण, राख, शेण यांपैकी काहीच ओळखू येत नसे. हाती येई ते काळसर, भुसभुशीत खत, आणि त्याला वास पहिल्या पावसातल्या मातीचा.

यात यंत्र नव्हते, विकत आणायचा पदार्थ नव्हता, आणि गुपितही नव्हते. हॉवर्ड यांनी या रीतीची सनद घेतली नाही. जो येईल त्याला ती दाखवली. मात्र हे काम कष्टाचे होते. ढीग तीन वेळा उलटायला माणसे लागतात, पाणी लागते. ज्याच्या घरी माणसे थोडी आणि विहीर दूर, त्याला ही रीत जड गेली, हे नाकारता येत नाही. पुढे बंगळूर येथे ढीग न उलटता, मातीने लिंपून कुजत ठेवण्याची रीत निघाली. तिला वेळ अधिक लागतो, पण श्रम वाचतात.

शेतावर साधले, ते गावात साधेल काय? १९३४ मध्ये वाड आणि त्यांचे एक सहकारी जॅक्सन यांनी वस्तीतील केरकचरा व मैला यांचे इंदूर पद्धतीने खत कसे करावे, याविषयी लेख लिहिला. तो वैद्यकाच्या नियतकालिकात छापला गेला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण गावात प्रश्न केवळ पिकाचा नव्हता. उघड्यावर पडलेल्या घाणीवर माश्या बसत, आणि त्याच माश्या घरातल्या अन्नावर येत. पटकी व हगवण यांना तेवढे पुरे होते. केर आणि मैला यांचे आलटून पालटून थर रचले, की ढिगाच्या उष्णतेने रोगजंतू व अळ्या मरतात आणि दुर्गंधी राहत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. कलकत्त्याजवळ टॉलीगंज येथे विटांनी बांधलेले व तळातून हवा खेळणारे खड्डे करून हाच प्रयोग शहराच्या कचऱ्यावर करण्यात आला. १९३५ मध्ये महात्मा गांधी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेले, तेव्हा त्यांनी आवर्जून या संस्थेत जाऊन खताचे खड्डे पाहिले. ग्रामसफाई हे त्यांचे जिव्हाळ्याचे काम होते. तेथे त्यांना सफाई आणि शेती एकाच खड्ड्यात नांदताना दिसली.

त्या वेळी हॉवर्ड मात्र इंदुरात नव्हते. १९३० मध्ये जिनिव्हा येथे गॅब्रिएल यांचे निधन झाले. ज्या शेतात पंचवीस वर्षे दोघांनी मिळून विचार केला, तेथे एकट्याने राहणे त्यांना कठीण झाले असावे. १९३१ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याच वर्षी खताच्या प्रयोगांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यावर ग्रंथकार म्हणून हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे. पुढे हॉवर्ड यांनी गॅब्रिएल यांची बहीण लुईस हिच्याशी विवाह केला. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

निवृत्तीनंतर माणूस स्वस्थ बसतो. हॉवर्ड बसले नाहीत. केनियातील कॉफीचे मळे, आसाम व सिलोनमधील चहाचे बगीचे, आफ्रिकेतील मक्याची शेते येथून त्यांना पत्रे येत, आणि इंदूरचे खत कसे करावे हे ते लिहून कळवीत. पण आपल्याच देशातल्या कृषिपंडितांशी त्यांचे पटेना. लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये वनस्पतींच्या खनिज अन्नाचे शास्त्र मांडल्यापासून पोत्यातून मिळणाऱ्या रासायनिक खतांचा प्रसार वाढत गेला होता, आणि पहिल्या महायुद्धानंतर नत्राच्या कारखान्यांनी त्याला जोर दिला होता. ही खते पिकाला अन्न देतात, पण मातीतल्या सजीव सृष्टीला उपाशी ठेवतात, असे हॉवर्ड यांचे म्हणणे. ते त्यांनी तिखट शब्दांत मांडले, आणि विरोधकांनीही त्यांची गय केली नाही. १९४० मध्ये त्यांनी शेतीवरचा आपला प्रमुख ग्रंथ लिहिला व तो दिवंगत गॅब्रिएलला अर्पण केला. रासायनिक खतांविषयी ते एकांगी बोलत, हे खरे. त्या खतांवाचून आज जगातल्या कोट्यवधी लोकांना पुरेल इतके धान्य पिकवता आले नसते. तथापि नुसत्या पोत्यांवर पोसलेल्या जमिनीतले सेंद्रिय द्रव्य घटत जाते आणि तिला कुजलेले खत द्यावेच लागते, हेही आज सर्वत्र मान्य आहे. ज्यांनी त्यांना हट्टी म्हटले, त्यांनी त्यांचे निम्मे म्हणणे पुढे निमूटपणे स्वीकारले.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी सर अल्बर्ट हॉवर्ड यांचा लंडनमध्ये मृत्यू झाला. ज्या शेतकऱ्यांना त्यांनी गुरू मानले, त्यांचा देश दोनच महिन्यांपूर्वी स्वतंत्र झाला होता.

इंदूर येथील त्यांच्या संस्थेच्या जागी पुढे कृषी महाविद्यालय झाले. विदर्भात पुसद येथील नारायण पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात थोडे शेण, पुष्कळ पालापाचोळा आणि माती यांपासून खत करण्याची रीत बसवली; त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून शेतकरी तिला नाडेप खत म्हणतात. आणि इंदूर शहरात २०१६ पासून घरोघरचा ओला कचरा व सुका कचरा निरनिराळा उचलला जाऊ लागला. २०१७ मध्ये ते देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले. भाजीची देठे, फळांच्या साली आणि उरलेले अन्न तेथे उकिरड्यावर न जाता कारखान्यात जाते. २०२२ मध्ये सुरू झालेला तेथील कारखाना दररोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो. त्यातून निघणाऱ्या वायूवर शहरातल्या बसगाड्या चालतात, आणि मागे उरते ते खत शेतांकडे जाते.